मालतीताईंचे राहिलेले वाक्य

मालतीताई,

तुमच्या शोकसभेत आम्ही टाळ्या वाजवल्या. ही बातमी तुमच्यापर्यंत पोहोचवण्याची दुसऱ्या कोणाची हिंमत होणार नाही, म्हणून मीच सांगते.

लकडगंजच्या त्या सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर तुमचे नातेवाईक आणि लाकूडबाजारातले व्यापारी होते. आपला भाषणक्लब मागे, भिंतीजवळ बसला होता. तुमचा मुलगा हेमंत बोलायला उभा राहिला, चांगले बोलला, थांबला, आणि त्याच क्षणी मागून टाळ्या सुरू झाल्या. आपल्या क्लबात भाषण संपले की वक्ता जागेवर जाऊन बसेपर्यंत टाळ्या वाजवायच्या असतात. वर्षानुवर्षे प्रत्येक शनिवारी केलेली कृती विचारांची वाट पाहत नाही. आपल्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टरांनी सुरुवात केली, बाकीच्यांनी साथ दिली, मीही दिली. पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मागे वळून असे पाहिले, की जणू एखाद्या लग्नात आम्ही गळा काढला होता. टाळ्या विझल्या. डॉक्टर खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत राहिले.

तुम्ही असता तर हा प्रसंग पुढचे वर्षभर सांगितला असता, दर वेळी थोडा वाढवून. मला मात्र अस्वस्थ वाटले ते वेगळ्या कारणाने. हेमंतच्या भाषणाचे शेवटचे वाक्य असे होते: "आई थकली होती, लाकडाची मिल बंद करायचं आम्ही ठरवलं होतं, आणि तिचाही त्याला होकार होता." टाळ्या नेमक्या या वाक्यावर पडल्या. ते वाक्य खरे नव्हते, आणि त्या सभागृहात हे माहीत असणारी बहुधा मी एकटीच होते.

ही माहिती माझ्याकडे कशी आली, ते आधी नोंदवते.

मी क्लबात आले ती स्वार्थासाठी. पाणी आणि माती तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत मी काम करते आणि तिथली तांत्रिक प्रमुख होण्याची माझी इच्छा मी कधी लपवलेली नाही. आमच्या मालकांनी मला एकदा शांतपणे सांगितले होते, की तुझे अहवाल निर्दोष असतात, पण तू ते समजावून सांगतेस तेव्हा विहिरीऐवजी आपल्यातच जंतू सापडले आहेत असे ग्राहकाला वाटते. उपाय म्हणून मी बोलणे शिकायचे ठरवले. प्रतापनगरच्या एका शाळेच्या सभागृहात बँक अधिकारी, सनदी लेखापाल, डॉक्टर, अभियंते असे लोक शनिवारी संध्याकाळी जमतात, ठरलेल्या वेळात भाषणे करतात आणि एकमेकांच्या भाषणांचे मूल्यमापन करतात, एवढे मला माहीत होते. रचना शास्त्रीय वाटली. मी नाव नोंदवले.

नव्या सदस्याला क्लब एक मार्गदर्शक देतो. माझ्या वाट्याला तुम्ही आलात. लकडगंजची लाकूड चिरायची आरा मशीन चालवणारी बाई वक्तृत्वाच्या क्लबात काय करते, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण तुम्ही ओळख करून देण्याआधीच उत्तर दिले होते, की दिवसभर मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून साध्या आवाजात बोलायचे विसरायला झाले आहे, ते शिकायला येते.

माझ्या पहिल्या भाषणाचे मूल्यमापन तुम्हीच केले. पाण्यातील फ्लोराइड हा विषय होता. तुम्ही उठलात, माझ्याकडे न बघता श्रोत्यांना विचारले, की हिने सांगितलेले कोणाला काही आठवते का. कोणीच हात वर केला नाही. मग मागून एक बँक अधिकारी म्हणाले, दात.

"पाहा, दात आठवले," तुम्ही म्हणालात. "बाकी सगळं पाणी वाहून गेलं वं."

सभागृह हसले. मी हसले नाही. बाहेर आल्यावर मी तुम्हाला सांगितले, की श्रोत्यांची स्मरणशक्ती हा भाषणाच्या गुणवत्तेचा विश्वासार्ह निकष नाही. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलेत, "प्रज्ञा, तू घरीही अशीच बोलते काय? उमरेडले आई जेवायले वाढते तं तिले निकष सांगते?"

मी तुमच्याकडून शिकले, हे मान्य करायला मला वेळ लागला. खराब अहवाल हाती देण्याआधी माणसाला त्याची विहीर कोणी खणली ते विचार, असे तुम्ही सुचवले होते. मी ते प्रयोग म्हणून करून पाहिले. बुटीबोरीकडचा एक कारखानदार, जो दर वेळी माझ्याशी वाद घालत असे, त्या दिवशी अर्धा तास स्वतःच्या वडिलांबद्दल बोलला आणि अहवाल मुकाट्याने घेऊन गेला. एका निरीक्षणावरून सिद्धांत मांडता येत नाही. तरी मी तो प्रयोग पुढेही चालू ठेवला, आणि मालकांचे मत बदलले. गेल्या दिवाळीपासून मी तांत्रिक प्रमुख आहे. पेढे घेऊन मी तुमच्याकडे आले होते, पण हे पद कोणामुळे मिळाले त्याचा उल्लेख तेव्हा केला नाही. तुम्हीही विचारले नाही. तो उल्लेख आज करते.

आता तुमच्याविषयी. उत्स्फूर्त भाषणात तुमच्यापुढे कोणी टिकत नसे. चिठ्ठीवर 'छत्री' आली काय आणि 'शेजारी' आला काय, तुम्ही सुरू व्हायचात आणि लोक खुर्चीच्या कडेवर यायचे. तयार भाषण मात्र तुम्ही एकदाही पूर्ण केले नाही. आपल्या क्लबाचा नियम सर्वांना ठाऊक आहे: टायमर हिरवे, मग पिवळे, मग लाल कार्ड दाखवतो, आणि लालनंतरही वक्ता थांबला नाही तर टायमर टाळ्या सुरू करतो. सगळे त्यात सामील होतात आणि वक्त्याला हसत हसत बसावे लागते. तुम्ही दर वेळी टाळ्यांनीच बसलात. भाषणाचे नाव बदलायचे, कधी 'माझा व्यवसाय', कधी 'निर्णय', पण कथा तीच.

ती अशी. तुमच्या सासऱ्यांनी जंगलखात्याच्या डेपोच्या लिलावात सागाचा एक ओंडका घेतला. इतका वाकडा, की सगळा बाजार हसला. सासरे म्हणाले, योग्य वेळी चिरू. ते गेले. मग तुमच्या यजमानांनीही तो तसाच ठेवला, कारण वाकडे लाकूड चिरायला घेतले तर किती वाया जाईल याची त्यांना धास्ती होती. यजमान गेल्यावर मशीन काही दिवस बंद राहिली. ती पुन्हा सुरू करायच्या दिवशी कामगार आले आणि मशीन चालू करू का, हे तुमच्या दिरांना विचारू लागले. तुम्ही तिथेच उभ्या होता. तुम्हाला कोणीच विचारले नाही. तुम्ही पुढे झालात, स्वतः बटण दाबले आणि म्हणालात, आधी तो वाकडा घ्या.

इथपर्यंत तुम्ही बहुतेक वेळा पोहोचायचात. मध्ये गडचिरोलीचे जंगल, ट्रकवाले, सासऱ्यांची पानाची डबी, दिरांचे घोरणे असे थांबे असायचे. मग टाळ्या. पुढे काय, हे क्लबाला कधी कळले नाही.

मला कळले, कारण शेवटच्या वेळी मी टायमर होते आणि मीच तुम्हाला थांबवले होते. तुम्ही दोन मिनिटे जास्त मागितलीत. मी दिली नाहीत. नियम सर्वांना सारखा असतो, आणि त्या निर्णयावर मी आजही ठाम आहे. तुम्ही रागावलात, सभा संपल्यावर माझ्याशी न बोलता निघालात आणि दुसऱ्या दिवशी फोन करून मला आरा मशीनवर बोलावलेत. मला वाटले, भांडायला.

लकडगंजला मी पहिल्यांदाच आले होते. मशीन चालू होती, भुसा उडत होता, आणि त्या आवाजातही तुम्ही चहावाल्याला हाक मारली तर ती गल्लीच्या टोकाला ऐकू गेली. तुम्हाला खोकला येत होता. मला ऑफिसच्या खोलीत बसवून, दार लावून, तुम्ही सांगितले की हेमंतला मशीन बंद करून ही जागा इमारतीसाठी द्यायची आहे. फरशीचे त्याचे स्वतःचे दुकान आहे, लाकडाच्या धंद्यात त्याला रस नाही, आणि तुमच्या छातीत भुसा जातो हे त्याला बघवत नाही. मी तुम्हाला लगेच सांगितले, की वैद्यकीय दृष्टीने त्याचे बरोबर आहे. तुम्ही म्हणालात, ते तुम्हालाही माहीत आहे.

"मग तुम्ही त्याला काय सांगितलं?" मी विचारले.

त्याने जेवताना विषय काढला होता आणि तुम्ही ताट घेऊन उठला होता. त्यानंतर त्याने पुन्हा काढला, तेव्हा तुम्हाला फोन आला होता. मला हे अविश्वसनीय वाटले. ट्रकवाल्यांना, व्यापाऱ्यांना, जंगलखात्याच्या लोकांना तोंडावर बोलणारी बाई स्वतःच्या मुलासमोर ताट घेऊन उठते. तुम्ही क्लबात का आला होता आणि दर वेळी एकच कथा का सांगत होता, ते तेव्हा माझ्या लक्षात आले. ते भाषण आमच्यासाठी नव्हतेच. आमच्यासमोर तुम्ही सराव करत होता.

"त्या भाषणाचं शेवटचं वाक्य काय आहे, ताई?"

तुम्ही खिडकीतून यार्डाकडे पाहिले. मग म्हणालात, "मले अजून ही मशीन चालवायची आहे. माझ्या हातानं. कोणी विचारो का नाही विचारो."

आपला वाद तिथून सुरू झाला आणि तो संपलेला नाही. माझे म्हणणे असे होते, की हे वाक्य पहिले घ्या. शास्त्रीय निबंधात निष्कर्ष सारांशातच येतो. वाचणाऱ्याला कुठे जायचे ते कळते, मग पुरावा तो नीट तपासतो. तुमचे भाषण वेळेअभावी पडत नव्हते, रचनेच्या दोषामुळे पडत होते. तुमचे म्हणणे असे होते, की ते वाक्य पहिले सांगितले तर हेमंत पुढचे काही ऐकणारच नाही, लगेच तुमच्या छातीबद्दलचा डॉक्टरांचा कागद काढेल. त्याला आधी तो ओंडका दिसला पाहिजे, आजोबा दिसले पाहिजेत, बटण दाबताना तुम्ही दिसल्या पाहिजेत. मी म्हणाले, तो तुमचा मुलगा आहे, त्याने हे सगळे पाहिले आहे.

"त्यानं मले पाहिलं, पण तेव्हा तो शाळेत होता वं. त्याले माहीत आहे का त्या दिवशी कोणी मले विचारलं नव्हतं?"

यावर माझ्याकडे प्रतिवाद होता, पण मी तो पुढच्या भेटीसाठी ठेवला. त्यानंतर आपण बरेचदा बसलो. कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी तुमच्या ऑफिसात. तुम्ही पानाची डबी वगळायला तयार झालात, दिरांचे घोरणे मात्र सोडत नव्हता. "ते काढलं तं भाषणात मीठ राहत नाही," असे तुमचे मत होते. रविवारी दुपारी, नातवंडे झोपल्यावर, हेमंतला समोर बसवायचे असे तुम्ही ठरवले. कथा आधी की वाक्य आधी, हे शेवटपर्यंत ठरले नाही. तुम्ही म्हणालात, त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवीन.

त्या रविवारच्या आधीच तुम्ही गेलात. याविषयी मी काही लिहिणार नाही. ज्यांना माहीत असायला हवे त्यांना माहीत आहे.

तर शोकसभा. टाळ्या विझल्यानंतर सूत्रसंचालकांनी क्लबातर्फे बोलण्यासाठी माझे नाव पुकारले. मी चालत पुढे गेले तेवढ्या अंतरात मला निर्णय घ्यायचा होता. एका बाजूला तुमचे वाक्य होते. ते माझ्याकडे होते, खरे होते, आणि माझ्याच पद्धतीने ते पहिले सांगता आले असते. दुसऱ्या बाजूला समोर बसलेला हेमंत होता, डोळे सुजलेला, आणि त्याने खोटे सांगितलेले नव्हते. त्याला जे दिसले ते त्याने सांगितले होते. शिवाय माझा अधिकार काय? मी तुमची कोण? क्लबाने नेमून दिलेली शिष्या. सगळ्या बाजारासमोर एका मुलाला, तुझ्या आईची संमती नव्हती, असे सांगणे हे मूल्यमापन झाले असते, आणि कोणी क्लबातले भाषण करत नसताना मूल्यमापन करायचे नसते.

मी फ्लोराइडवरचे माझे भाषण सांगितले. 'दात' सांगितला. लोक हसले, तुमचे दीरही. मी खाली आले. आमच्यापैकी कोणीही टाळी वाजवली नाही. डॉक्टर दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले होते.

सभा संपल्यावर हेमंत पायऱ्यांवर माझ्याजवळ आला. गर्दी पांगली होती. स्टेजवर तो पुस्तकी मराठीत बोलला होता. आता बोलत नव्हता.

"आई दर शनिवारी तुमच्याकडे यायची. काय बोलायची हो ती? घरी विचारलं तं म्हणायची, तुले नाही समजणार."

तो विचारत होता. त्याने विचारले म्हणून मला सांगण्याचा अधिकार मिळाला, असा माझा तर्क होता आणि तो मला पुरेसा वाटला. निष्कर्ष माझ्या जिभेवर तयार होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, की तुमच्या आजोबांनी लिलावात एक वाकडा ओंडका घेतला होता.

मी सगळे सांगितले, ताई. जंगल, ट्रकवाले, आणि हो, पानाची डबीसुद्धा. दिरांच्या घोरण्यावर तो हसला आणि रडला, दोन्ही एकदम. तुमच्यासारखे मला जमले नाही. माझे ट्रकवाले फार शुद्ध बोलत होते. पण कामगार आले आणि त्यांनी काकांना विचारले, इथे मी पोहोचले तेव्हा तो पायरीवर बसला.

"म्हणजे तिले कोणी विचारलंच नाही?"

"नाही."

मग शेवटचे वाक्य मी तुमच्या शब्दांत सांगितले. तो म्हणाला, "तिले एखादी गोष्ट पटली नाही तं ती ओरडायची. सगळ्या गल्लीले ऐकू जायचं. मी मिलचं काढलं तेव्हा ओरडली नाही. मले वाटलं, पटलं तिले."

या पुराव्यावरून मीही तोच निष्कर्ष काढला असता, आणि मी त्याला तसे सांगितले. त्याने विचारले, आता काय करायचे. मी म्हणाले, ते मला माहीत नाही, आणि ते सांगणे माझे काम नाही. तुमचे वाक्य 'मले' या शब्दाने सुरू होत होते. तुमच्या पश्चात मशीन कोणी चालवावी याबद्दल त्यात काही नव्हते, आणि नसलेले काही मी त्यात घालणार नव्हते.

कथा आधी सांगायची की वाक्य, या वादात तुम्हाला एक गुण द्यावा लागेल. एकच. निष्कर्ष आधी सांगितला असता तर तो पायरीवर बसला असता की सभागृहात परत गेला असता, हे आता तपासता येणार नाही. तुलनेसाठी दुसरा हेमंत उपलब्ध नाही. तुम्ही असता तर हे वाक्य ऐकून डोक्याला हात लावला असता.

तेरवीच्या जेवणाला मला तुमच्या घरी बोलावले होते. मी पंगतीत बसले होते, माझ्या समोरच्या ओळीत तुमचे दीर होते. शेजारच्या व्यापाऱ्याला ते समजावून सांगत होते, की मिलचे काय ते वहिनीने जाता जाता बरे उरकले, स्वतःच हो म्हणून गेली, मागे भांडण ठेवले नाही. हेमंत भात वाढत त्या ओळीतून येत होता. त्यांच्या पानाशी तो थांबला.

"नाही काका. आई हो म्हणाली नव्हती. तिले मशीन चालवायची होती."

काकांनी वर पाहिले. आजूबाजूची दोन-तीन माणसे जेवायची थांबली.

"मग बंद काहून करून राहिला तू?"

"मले नाही जमत म्हणून," तो म्हणाला. "आईच्या नावावर नका टाकू."

त्याने त्यांना भात वाढला आणि पुढच्या पानाकडे वळला. हळूहळू माणसे पुन्हा जेवू लागली. तो माझ्या ओळीत आला, तेव्हा त्याने मला काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. ताई, तुमच्या वतीने बोलण्याचे काम माझ्याकडे आता उरलेले नाही.